लिफ्टच्या डक्टमधील हवा आणि तिच्या नियंत्रणाची तारजोडणी

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी लिफ्टच्या वायुवीजनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. कारण साधे आहे. आपल्या वसतिगृहातून दहावी होऊन बाहेर पडणारी कितीतरी मुले आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होतात आणि पुणे, चाकण, रांजणगाव, मुंबई येथे कामास लागतात. त्यांतील काही लिफ्टच्या ठेकेदारांकडे आहेत. सुट्टीत भेटावयास येतात तेव्हा मोटार, दोर, दरवाजे यांविषयी ती भरभरून बोलतात. डक्टमधील हवेविषयी मात्र कोणी बोलत नाही. ही मुले त्याच डक्टमध्ये, त्याच खड्ड्यात आणि गच्चीवरील त्याच तापलेल्या मशीन रूममध्ये दिवस काढतात. म्हणून आम्ही हा पाठ त्यांच्यासाठी, आणि त्यांना कामावर धाडणाऱ्या पालकांसाठी, लिहीत आहोत.

प्रथम डक्ट म्हणजे काय ते पाहू. कामावरची माणसे ज्याला डक्ट म्हणतात त्याला अभियंते लिफ्टची विहीर म्हणतात, आणि तो शब्द अधिक नेमका आहे. ही तळमजल्याखाली सुमारे दीड मीटर खोल खड्ड्यापासून गच्चीपर्यंत गेलेली चौकोनी विहीर होय. तिच्यातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा उष्ण झाली की ती धुराड्याप्रमाणे वर चढू लागते. तीस मीटर उंचीची विहीर आणि आतबाहेरच्या तापमानात दहा अंशांचा फरक धरला, तर तळाशी व माथ्याशी मिळून सुमारे १२ पास्कल दाबाचा फरक निर्माण होतो. आकडा लहान दिसतो. पण इमारतीत कोठे आग लागली की हाच दाब धूर डक्टमध्ये ओढून घेतो आणि वरच्या मजल्यांच्या दरवाज्यांच्या फटींतून घराघरांत पोहोचवितो. शिवाय लिफ्टचा पाळणा स्वतःच पिचकारीच्या दट्ट्यासारखा हवा पुढे ढकलतो व मागे ओढतो. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये, ही सूचना प्रत्येक इमारतीत लिहिलेली असते. तिची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी हे एक क्वचितच कोणी सांगतो.

धुराला वरून वाट द्यावी, हे शहाणपण नवे नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या उष्ण स्नानगृहाचे, म्हणजे जंताघराचे, वर्णन आहे. तेथे धूर कोंडतो अशी अडचण पुढे आली तेव्हा तथागतांनी धूर बाहेर जाण्यासाठी धूमनेत्त, म्हणजे धूरवाट, ठेवण्यास अनुमती दिली. त्याच ग्रंथाच्या सेनासनक्खंधकात विहारांना वातपान म्हणजे खिडक्या ठेवण्याची अनुमती आहे, आणि त्यांचे तीन प्रकारही सांगितले आहेत: कठड्याची, जाळीची आणि गजांची. पुढचा भाग आम्हांस विशेष भावतो. खिडक्या झाल्या तेव्हा त्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली; मग कापडाचे पडदे आले; पडद्यांच्या बाजूनेही ती शिरतच होती, म्हणून झडपा आल्या. हवेसाठी भोक ठेवावे, भोकातून नको ते आत आले की त्यावर झडप बसवावी, आणि झडप बसविली की ती केव्हा उघडी व केव्हा बंद ठेवावी याचा विचार करावा: आजच्या डक्टच्या माथ्यावर नेमका हाच क्रम आहे. फरक इतकाच की झडप आता मोटारीने हलते आणि मोटारीला आज्ञा तारेतून जाते.

आपल्याकडील बहुतेक इमारतींत माथ्यावर कायमची उघडी जाळीदार खिडकी ठेवली की काम भागते. डक्टच्या माथ्याशी किमान ०.२ चौरस मीटर मोकळे क्षेत्र असावे, असा दंडक आपल्या बांधकाम नियमांत रुळलेला आहे. मोकळे क्षेत्र म्हणजे जाळी व पट्ट्या वजा जाता उरलेले. चौकटीचे माप नव्हे. पाऊस आत येऊ नये म्हणून तिरक्या पट्ट्या आणि कबुतरांसाठी जाळी लावली की अर्धेअधिक क्षेत्र त्यांतच जाते, हे मोजणारा विसरतो. अशा खिडकीला तारजोडणीच लागत नाही, आणि जेथे ती पुरेशी आहे तेथे मोटार बसवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. जे बिघडू शकत नाही तेच सर्वांत भरवशाचे.

मोटारीची झडप येते ती वातानुकूलित इमारतींत, कारण तेथे थंड केलेली हवा माथ्यावरच्या भोकातून रात्रंदिवस निघून जाते. अशी झडप एरवी बंद आणि गरजेला उघडी हवी असते. आता विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे: वीज आली असता झडप उघडेल अशी जोडणी करावी, की वीज गेली असता उघडेल अशी? पहिली जोडणी सोपी वाटते. धूर आला की डिटेक्टर रिलेला सांगेल, रिले मोटारीला वीज देईल, मोटार झडप उघडेल. कागदावर यात काहीही चूक नाही. परंतु आग लागलेल्या इमारतीत वीज प्रथम जाते किंवा मुद्दाम तोडली जाते. केबल जळते. उंदराने तार कुरतडलेली असेल तर ते त्याच दिवशी कळते. म्हणजे ज्या घटकेसाठी झडप बसविली, त्याच घटकेस ती बंद राहते.

म्हणून उलट जोडणी करतात. झडपेच्या मोटारीत स्प्रिंग असते. वीज चालू असेपर्यंत मोटार स्प्रिंग ताणून झडप बंद धरून ठेवते. वीज जाताच स्प्रिंग सुटते आणि झडप आपोआप उघडते. चोवीस व्होल्टचा हा पुरवठा मोटारीपर्यंत नेताना वाटेत तीन कड्या एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये, घालाव्यात. पहिली कडी अग्निसूचक पॅनेलच्या रिलेचा कॉन्टॅक्ट. सर्व ठीक असताना हा रिले वीज घेऊन ओढलेला असावा व कॉन्टॅक्ट बंद असावा. दुसरी कडी डक्टच्या माथ्याशी लावलेल्या थर्मोस्टॅटचा कॉन्टॅक्ट, जो ठरविलेल्या तापमानापलीकडे उघडतो. तिसरी हाताने चालविण्याचा स्विच, जो चाचणीसाठी आणि अग्निशामक दलाच्या जवानासाठी असतो. तीनपैकी कोणतीही कडी तुटली, कोणतीही तार निघाली, फ्यूज उडाला, ट्रान्सफॉर्मर जळाला, पॅनेल बंद पडले, तरी परिणाम एकच: झडप उघडते. कोणी धावत जाऊन बटण दाबावे लागत नाही.

तथापि या जोडणीलाही एक आंधळी बाजू आहे आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये. कॉन्टॅक्ट वितळून चिकटला, किंवा दोन तारा एकमेकींना चिकटून कॉन्टॅक्टला वळसा मिळाला, तर वीज जातच राहते व झडप बंदच राहते. पात्यांत कबुतराने घरटे केले तर स्प्रिंगही हरते. म्हणून झडपेच्या पात्यावर स्थितिदर्शक स्विच लावावा आणि पॅनेलवरील ‘उघडी’ हा दिवा त्या स्विचवरून घ्यावा. मोटारीची वीज बंद झाली म्हणजे झडप उघडली असेल, असे गृहीत धरणाऱ्या तारेवरून घेऊ नये. महिन्यातून एकदा स्विच पाडून, गच्चीवर जाऊन, झडप डोळ्यांनी पाहावी.

उंच इमारतींत याहून निराळी योजना असते. तेथे पंख्याने डक्टमध्ये बाहेरची स्वच्छ हवा भरून दाब वाढवितात, म्हणजे धूर आत येऊच शकत नाही. तेथे माथ्यावरची झडप उघडली तर भरलेला दाब निघून जाईल. तेव्हा वरील जोडणी डोळे मिटून सर्वत्र लावू नये. त्या इमारतीचा अग्निसुरक्षा आराखडा काय सांगतो ते प्रथम वाचावे. लिफ्टच्या स्वतःच्या सुरक्षा साखळीत वायुवीजनाची तार कधीही घुसवू नये. अग्निसूचक पॅनेलकडून लिफ्टच्या पॅनेलला आणि झडपेच्या पॅनेलला वेगवेगळे, आपली वीज न वाहणारे कोरडे कॉन्टॅक्ट द्यावेत.

आता मशीन रूम. येथे प्रश्न उष्णतेचा आहे. मोटार, ब्रेकची कॉइल आणि विशेषतः वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हचे पॅनेल व त्याचा रेझिस्टर सतत उष्णता सोडतात. या यंत्रणेसाठी खोलीचे तापमान ५ ते ४० अंशांच्या दरम्यान राहावे, असे सामान्यतः धरले जाते. त्यापुढे इलेक्ट्रॉनिक कार्डे दगा देऊ लागतात आणि माणसे दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. किती हवा हवी याचा हिशेब आठवीच्या मुलालाही जमेल. खोलीत सुटणारी उष्णता वॅटमध्ये घ्यावी, तिला ३ ने गुणावे, आणि बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश अधिक चालेल त्या संख्येने भागावे. उत्तर ताशी घनमीटरमध्ये येते. समजा १,२०० वॅट उष्णता सुटते आणि ५ अंशांची वाढ चालेल. तर १,२०० गुणिले ३ भागिले ५, म्हणजे ताशी ७२० घनमीटर हवा हवी. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच खोलीत २२.५ घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीतील सर्व हवा तासाला ३२ वेळा बदलावी लागेल. हा ३ कोठून आला? एक घनमीटर हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १,२०० ज्यूल लागतात आणि तासात ३,६०० सेकंद असतात. ३,६०० ला १,२०० ने भागले की ३.

याच हिशेबात एक गोष्ट दडली आहे. पंखा खोलीला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, कितीही मोठा घेतला तरी. नेवाशात मे महिन्याच्या दुपारी सावलीतच पारा चाळिशीपाशी जातो आणि गच्चीवरचा स्लॅब त्याहून कितीतरी तापतो. तेथे पंख्यामागून पंखे लावणे व्यर्थ होय. स्लॅबवर उष्णतारोधक थर द्यावा, खिडकीला छज्जा करावा, आणि एवढ्याने भागत नसेल तर वातानुकूलन यंत्र लावावे. ज्या लिफ्टला मशीन रूमच नसते व मोटार डक्टच्या माथ्यावर बसविलेली असते, तेथे हा सारा भार डक्टवर येतो. अशा ठिकाणी माथ्याची खिडकी केवळ धुरासाठी आहे असे समजू नये.

पंख्याच्या जोडणीत मुख्य नियम असा की पंखा, दिवा आणि प्लग यांचा पुरवठा लिफ्टच्या मुख्य स्विचच्या अलीकडून, स्वतंत्र एमसीबीवर घ्यावा. दुरुस्ती करणारा मुलगा प्रथम लिफ्टचा मुख्य स्विच पाडतो, आणि पाडलाच पाहिजे. त्याबरोबर पंखा व दिवाही गेला तर तो अंधारात, कोंदट खोलीत, उघड्या पॅनेलसमोर उभा राहतो. मग पुढच्या वेळी तो स्विच न पाडताच काम करू लागतो. अपघाताचे बीज असे जोडणीतच पेरले जाते आणि अहवालात मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे छापून येते.

थर्मोस्टॅट ड्राइव्हच्या पॅनेलच्या डोक्यावर लावू नये, आत येणाऱ्या हवेच्या झोतातही नको, उन्हाने तापणाऱ्या भिंतीवरही नको. माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीच्या भिंतीला तो लावावा. चालू होण्याचे आणि बंद होण्याचे तापमान यांत तीन-चार अंशांचे अंतर ठेवावे, अन्यथा कॉन्टॅक्टर मिनिटामिनिटाला कडकडत राहील व लवकर जळेल. हवा आत येण्याची खिडकी खाली आणि पंखा समोरच्या भिंतीवर वर असावा. दोन्ही शेजारी शेजारी असल्या तर बाहेरची हवा आत येऊन तशीच बाहेर जाते आणि खोली तापलेलीच राहते.

पंखा चालू असल्याचा दिवा बहुतेक पॅनेलांत कॉन्टॅक्टरवरून घेतलेला असतो. तो दिवा एवढेच सांगतो की पंख्याला वीज दिली आहे. पाते निखळले, बेअरिंग जाम झाले, जाळी धुळीने बुजली, तरी दिवा हिरवाच. म्हणून जेथे हवेवर माणसाचा जीव किंवा महागडे यंत्र अवलंबून आहे, तेथे झोत मोजणारा किंवा दाबातील फरक ओळखणारा स्विच लावून दिवा त्याच्यावरून घ्यावा. तारेला विचारून हवेची साक्ष काढू नये.

राहिला खड्डा. येथवर आपण उष्ण धुराचा विचार केला, जो वर जातो. तळाशी नियम उलटा होतो. हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा सुमारे १.२ पट आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे दीडपट जड आहे. शेजारची सांडपाण्याची टाकी किंवा ड्रेनेज झिरपत असेल आणि खड्ड्यात पाणी साचले असेल, तर हे वायू तळाशी बसून राहतात. माथ्यावरची खिडकी कितीही मोठी असली तरी त्यांना तिचा पत्ता नसतो.

याचा अर्थ काय होतो ते आपल्या तालुक्याने पाहिले आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी, पाडव्याच्या दिवशी, वाकडी येथे शेणाच्या रबडीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, त्याच्यामागे तिसरा. पाच जणांचा मृत्यू झाला. विहिरीचे तोंड आकाशाकडे उघडेच होते. आणखी एक जण कमरेला दोर बांधून उतरला होता. त्याला वर ओढून घेता आले आणि तो वाचला. त्या माणसांच्या धैर्यात किंवा मायेत काहीही कमी नव्हते. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो हे सर्वांना माहीत आहे. प्रमाण वाढले की तो वायू प्रथम वास घेण्याची शक्तीच मारतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. वास येत नाही म्हणून हवा चांगली, हा समज तेथे प्राणघातक ठरतो.

दोराची ही गोष्ट कायद्यात फार पूर्वी लिहिली गेली. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३६ सांगत असे की घातक वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत, खड्ड्यात किंवा बंदिस्त जागेत, वायू काढून टाकून सक्षम व्यक्तीने चाचणीअंती लेखी दाखला दिल्यावाचून माणसाने उतरू नये. नाहीतर त्याने श्वसनयंत्र लावावे आणि कमरपट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. त्याच अधिनियमाचे कलम १३ कामाच्या जागेतील वायुवीजन व तापमान यांविषयी आणि कलम २८ लिफ्टविषयी होते. १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले आणि खाणीत उतरून त्यांनी कामगारांचे काम पाहिले. खाणीत हवा आत नेणारी एक विहीर आणि दूषित हवा बाहेर काढणारी दुसरी विहीर अशी व्यवस्था असते, आणि तळाशी काम करणाऱ्याचे आयुष्य त्या दोहोंमधल्या पंख्यावर लटकलेले असते. मजुराच्या हवेचा प्रश्न हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, ही दृष्टी आपल्या समाजाला तेथून मिळाली. ती आजही हवी आहे, कारण गटारात व टाकीत उतरविले जाणारे हात कोणत्या वस्तीतले असतात हे सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांवाचून गटार व सेप्टिक टाकीत माणूस उतरविण्यास बंदी घातली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

लिफ्टच्या खड्ड्यासाठी त्यावरून घ्यावयाचे ते असे. पाणी साचलेल्या खड्ड्यात थेट उतरू नये. ब्लोअरची नळी खड्ड्याच्या तळापर्यंत सोडावी. वरून वारा घातल्याने वरचीच हवा ढवळते. वायूमापक दोरीला बांधून आधी तो खाली सोडावा. खड्ड्यात कायमचा पंखा असेल तर त्याचा स्विच खड्ड्यात नसावा, दरवाज्याबाहेर हाताशी असावा, आणि त्याचा दिवा, वर सांगितल्याप्रमाणे, झोतावरून घेतलेला असावा. बाहेर एक माणूस उभा असल्याखेरीज आत माणूस नको. ठेकेदार दुसऱ्या माणसाची मजुरी वाचवू पाहतो. आपल्या मुलांनी तेवढ्या एका बाबतीत त्याचे ऐकू नये, आणि पालकांनीही ‘नोकरी जाईल’ म्हणून मुलांस गप्प बसवू नये.

कायदेशीर बाजू थोडक्यात. आपल्या प्रांतात लिफ्टसाठी १९३९ साली मुंबई लिफ्ट अधिनियम झाला, म्हणजे स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य मुंबई विधानसभेत बसत होते त्या काळात. आता लिफ्ट, सरकते जिने व सरकते मार्ग यांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. लिफ्ट उभारण्यास परवानगी आणि चालविण्यास परवाना लागतो, व हे काम शासनाच्या विद्युत निरीक्षकांच्या कक्षेत येते. तारजोडणी परवानाधारकानेच करावी. मुलांनी आयटीआयचे प्रमाणपत्र मिळताच वायरमन परवान्यासाठी अर्ज करावा. परवाना नसलेल्या मुलाकडून काम करून घेणारे पुष्कळ असतात, अपघातानंतर त्याला ओळखणारे कोणी नसते.

डक्टमध्ये लिफ्टशी संबंध नसलेली कोणतीही तार नेऊ नये. केबल टीव्हीची, इंटरनेटची, गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाची वायर डक्टमधून सोडण्याचा मोह सोसायट्यांना होतो, कारण वर जाण्याची ती तयार वाट असते. अशा तारेचे आवरण जळले तर विषारी धूर त्याच विहिरीत भरतो. वायुवीजनाच्या तारांसाठी कमी धूर देणारी, आग न पसरविणारी केबल वापरावी, आणि आगीच्या वेळीही चालू राहणे ज्या पंख्याचे काम आहे त्याला आगीत टिकणारी केबल द्यावी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लिहावा. जोडणीचा नकाशा पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा, आणि त्याखाली एक वही दोरीने बांधून ठेवावी: तारीख, झडप उघडली की नाही, पंख्याचा झोत मिळाला की नाही, खोलीचे तापमान, खड्ड्यात पाणी होते की नव्हते, आणि पाहणाऱ्याची सही. सही पाहणाऱ्याचीच असावी, ठेकेदाराची नव्हे.